पावणाईचा उजवा कौल

६ जानेवारी १९२९

कलेक्टरसाहेबांना अखेर अक्कल आली. बंदररस्त्यावरचं गांजाचं दुकान ठेवावं की उठवावं, याचा सल्ला द्यायला जी कमिटी नेमली तिच्यावर माझं नाव घातलं. खरं म्हणजे पहिलं घालायला हवं होतं, तिसरं घातलं आहे. असो.

बाकीची नावं वाचून मात्र हसू आवरेना. एक त्र्यंबकशास्त्री पाध्ये वैद्य. यांना रोग्याची नाडी सापडेपर्यंत रोगी बरा होतो किंवा जातो. दुसरा जमाल तांडेल, गलबत हाकणारा माणूस. याला कमिटीत घेऊन साहेब काय वारा विचारणार आहेत? उरलेले दोघे व्यापारी, साहेब जिकडे बघतील तिकडे माना हलवतील. म्हणजे डोकं काय ते एकट्या माझ्या धडावर.

दुकानाबद्दल माझं मत जगजाहीर आहे. सरकारनं परवाना द्यायचा, लिलाव करायचा, वर पाटी लावायची आणि खाली गांजेकसांनी तांबारलेले डोळे घेऊन कट्ट्यावर माश्या मारत बसायचं! कोर्टात जाताना रोज ते ध्यान बघावं लागतं. परवा एकानं मला ओळखून नमस्कार केला आणि मग आपल्याच हाताकडे बघत बसला, जणू दुसऱ्या कोणाचा हात आहे.

बायकोचं, कमळाचं, दुखणं तसंच. दिवाळीपासून पोटात गाठ आहे. इस्पितळातला डॉक्टर म्हणतो, चाकू लावण्यात अर्थ नाही. अफूनं तिला उलट्या होतात. कळ आली की ती ओरडत नाही, माजघरातल्या खांबाला धरून उभी राहते. मी तिचा पाण्याचा उपचार सुरू केला आहे. रोज सकाळी गार पाण्याच्या घंगाळात बसायचं आणि पोटावर ओला पंचा. निसर्गापुढे सगळे वैद्य झक मारतात.

१५ जानेवारी

पाण्याच्या उपचाराचा गुण! काल संक्रांतीला कमळानं गुळाची पोळी खाल्ली, वर तूप मागून घेतलं आणि खांबाला न धरता ओटीपर्यंत आली. रात्री शांत झोपली. झोपेत तिचा चेहरा असा सैल पडलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की उठून देवाला नमस्कार करणार होतो, पण ती सवय मोडलेली बरी.

गोदूबाई, म्हणजे आमच्याकडे दळणकांडणाला येते ती, कमळासाठी पाध्ये वैद्याकडून कसली तरी गोळी आणते. तुपात परतलेली, हिरवट काळी, वाटाण्याएवढी. मी म्हटलं, घेऊ दे. बायकांना काहीतरी गिळल्याशिवाय बरं वाटत नाही. गुण पाण्याचा आणि नाव वैद्याचं, हे जगात चालायचंच.

एक चमत्कारिक गोष्ट. कमळाच्या खोलीत त्या दुकानापुढे येतो तसा वास आला. माझ्याच कोटाला लागला असणार, रोज तिथून जातो ना! कोट धुवायला टाकला.

२२ जानेवारी

कमिटीची पहिली बैठक. मी सुचवलं की दुकान उठेपर्यंत निदान एका गिऱ्हाइकाला मिळणारा माल तरी निम्म्यावर आणावा. एकमतानं पास, साहेबांचीही लगेच मंजुरी. पाध्ये काही बोलणार होते, पण त्यांना घसा खाकरायला जितका वेळ लागतो तेवढ्यात मी ठराव लिहूनसुद्धा टाकला.

नंतर दुकानाची पाहणी केली. परवानेदार धोंडू शेट्ये. मोठा अदबशीर माणूस, म्हणजे पक्का लबाड. मला खुर्ची दिली, वर पुसूनही दिली. म्हणाला, "वकीलसाहेब, कट्ट्यावर बसतात ते तेवढे दिसतात. न बसणारी गिऱ्हाइकं पण आहेत हो. चांगल्या घरांतली." मी म्हटलं, "नावं सांगा." तो नुसता हसला. चोराला चोर सापडतात आणि गांजेवाल्याला चांगली घरं!

बाहेर पडतो तो पायरीवर कोण? आमची गोदूबाई! पदरात पुडी. मी तिथल्या तिथे फैलावर घेतली. ती म्हणाली, "राखणदाराच्या चिलमीला वो, सायेब. माझ्या ल्योकाचं गलबत जातंय, चिलीम ठेवल्याबिगर कसा जाईल तो?"

हे एक आमच्या वाडीचं खूळ आहे. ग्रामदेवी पावणाई, तिच्या देवळामागे पिंपळाखाली तिचा राखणदार, आणि दर्यावर जाणाऱ्या प्रत्येकानं त्याच्यापुढे गांजाची चिलीम पेटवून ठेवायची. न दिसणाऱ्या देवाला दिसणारं व्यसन लावून ठेवलं आहे या लोकांनी.

घरी येऊन मी गोदूबाईला कामावरून काढतो म्हणालो. तर कमळा माझ्यावर कडाडली! लग्न झाल्यापासून तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "गोदूबाई गेली तर मीही जाईन, मग बसा तुम्ही एकटे तुमच्या घंगाळात," म्हणाली. बायकांच्या मनाचा थांग लागत नाही. राहू दिली.

३ फेब्रुवारी

आज वाचनालयात जाहीर वादविवाद झाला. विषय, गांजाची उघड विक्री समाजाला हितकारक की घातक. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक खिडक्यांत बसले होते.

जमाल तांडेल आधी बोलला. टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "मी तासभर बोलणारा मानूस नाय. येवढंच सांगतो. दुकान बंद केलात तर गांजा बंद होनार नाय, पाटी बंद होईल. माल मग रातच्याला दर्यावरनं, पडावातनं चोरून येईल. त्यात काय मिसळलंय ते ना तुमाला ठावं, ना मला." मी उठून म्हटलं, "ए तांडेला, पडावातनं कसा येतो याची माहिती तुला फार दिसते!" सगळी सभा हसली. तो लाल झाला आणि खाली बसला. अशा लोकांना एवढंच उत्तर पुरतं.

मग पाध्ये. वाटेल तो पाला वाईट नसतो, मात्रा बघावी, माणूस बघावा, भूक नाही झोप नाही अशा असाध्य दुखण्यात यानं आराम पडतो, वगैरे वगैरे. मी विचारलं, "शास्त्रीबुवा, एक तरी रोगी उभा करता का? या सभेत, सर्वांदेखत? एक?"

ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. किती वेळ बघावं याला काही सुमार! मग म्हणाले, "रोगी आहे. पण रोग्यानं माझ्याकडून वचन घेतलंय." मी टेबलावर थाप मारून म्हटलं, "मंडळी, वैद्यबुवांचा रोगी राखणदारासारखा आहे, फक्त त्यांनाच दिसतो!" टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मतं घेतली, तेव्हा पाच-सात हात सोडले तर सगळे माझ्या बाजूचे.

घरी येऊन कमळाला पाध्यांची नक्कल करून दाखवली, तो घसा खाकरणं आणि ते टक लावणं. माझ्या नकलांना ती नेहमी पोट धरून हसते. आज हसली नाही. विचारलं, "खरंच बंद होईल का हो?" म्हटलं, "होईल म्हणजे? झालंच समज!" ती म्हणाली, "दमला असाल, पान वाढते."

१० फेब्रुवारी

साहेबांनी कच खाल्ली. म्हणतात, लोकांच्या देवाधर्माचा प्रश्न आहे, राखणदाराची चिलीम बंद केली आणि एखादं गलबत बुडालं तर लोक कचेरीवर येतील. वाडीनं आपण होऊन संमती दिली तर मार्चअखेर परवाना रद्द करतो, एरवी लिलाव नेहमीप्रमाणे.

वाडीची संमती! तिथल्या दोन माणसांचं विहिरीच्या दोराबद्दल एकमत होत नाही. मानकऱ्यांशी डोकं फोडून घेतलं, तर ते म्हणतात, "आमी कोन ठरवनार? आईला कौल लावा." बरं! देवीच्या मूर्तीला डावीउजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली की होय, डावी पडली की नाही. म्हणजे अबकारी खात्याचं धोरण एका पाकळीच्या ओलीवर ठरणार. कौल म्हणजे गुरवाची बोटं आणि वाऱ्याची झुळूक, हे मी कमळाला हजारदा सांगितलं आहे. तिच्या माहेरच्यांनी आमचं लग्नसुद्धा कौल लावून ठरवलं होतं. मी अजून तिला त्यावरून चिडवतो.

पण मूर्खांना मूर्खपणानंच जिंकावं लागतं. भिकाजी गुरवाला घरी बोलावलं. त्याच्या देवस्थानच्या जमिनीचा दावा माझ्याकडे आहे, हे तो विसरलेला नव्हता. म्हटलं, "भिकाजी, उजवी पाकळी जरा सैल लावता येते का रे?" तो जमिनीकडे बघत म्हणाला, "लावायला काय वो, कशीबी लावता येते." मग गेला. जाताना पाया पडला नाही, नेहमी पडतो.

१७ फेब्रुवारी

विजय!

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. कौलाचा प्रश्न मी स्वतः लिहून भिकाजीकडून पाठ करून घेतला होता. या लोकांच्या भोंगळ गाऱ्हाण्यात पळवाटा फार. उद्या पाध्ये म्हणायचे, चिलीम बंद पण औषध चालतं. म्हणून एकूण एक वाट बुजवून टाकली. भिकाजी मोठ्यानं म्हणाला, "हे आई पावणाई! तुझ्या लेकरांनी हा पाला कुठल्याबी रूपात, ओढून म्हना, घोटून म्हना, गोळी करून म्हना, नायतर औषीद म्हनून, तोंडात घेऊ नये अशी तुझी मर्जी असेल, तर उजवा दे!" आणि सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

'गोळी करून' आणि 'औषध म्हणून' ही माझी खास भर. दस्तऐवज असा असावा. हायकोर्टातसुद्धा कोणी फोडू शकणार नाही.

उजवी पाकळी पडली. लोकांनी गजर केला. पाध्ये मान खाली घालून निघून गेले.

कमळाही आली होती, गोदूबाईच्या खांद्याला धरून. देऊळ आमच्या नारळीच्या आगराच्या मागेच, म्हणून मीही नको म्हटलं नाही. मला वाटलं, नवऱ्याचा विजय बघायला आली. पाकळी पडली तेव्हा तिनं हात जोडले आणि ते सोडलेच नाहीत. चेहरा पांढराफटक. उन्हाचा त्रास झाला असेल. गोदूबाई मूर्ख, छत्री घेऊन यायला हवी होती.

२३ फेब्रुवारी

कमळा परत खांब धरून उभी. काल काही खाल्लं नाही, आज पेजसुद्धा परत केली. पाण्याच्या उपचारात हयगय झाली असणार. आजपासून दोन्ही वेळा घंगाळ.

गोदूबाई माझ्याशी बोलत नाही. ताट आपटते.

१ मार्च

काय लिहू? ती आता ओरडते. कमळा ओरडते. तोंडात पदराचा बोळा घालते तरी ऐकू येतं. इस्पितळातल्या डॉक्टरला आणलं, त्यानं सुई टोचली. उलट्यांनी आणखी बेजार झाली. मी काहीच करू शकत नाही. आज कोर्टात उलटतपासणी करताना साक्षीदाराचं नाव विसरलो.

पाणी नको म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली, "ते पाणी नका हो आता. त्यानं कधीच बरं वाटलं नव्हतं. तुम्हाला वाटायचं म्हणून बसत होते."

५ मार्च

पाध्ये सकाळी घरी आले. मी त्यांना बसा म्हटलं नाही, ते बसलेही नाहीत. म्हणाले, "वचन मोडतोय, त्याचं पाप मला लागो. तुमच्या मंडळींना संक्रांतीपासून मी गांजाची गोळी देत होतो. कौल लागल्यापासून त्यांनी ती घेतलेली नाही. मी हात जोडले. देवीनं गोळी आणि औषध दोन्ही नाव घेऊन बंद केलंय, म्हणतात."

मी त्यांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. घरात विष आणलंत, बायकांना फितवलंत, परवाना नसताना— सगळं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "झालं? आता तिला कोण समजावणार?"

ती पोळी. ती झोप. कोटाचा वास. पायरीवरची गोदूबाई. आणि 'एक तरी रोगी उभा करा' म्हणून टेबलावर थाप मारणारा मी. त्यांनी माझ्याकडे का टक लावली होती ते आता कळलं. माझ्यासारखा गाढव या जिल्ह्यात दुसरा नसेल आणि या जिल्ह्यात गाढवं पुष्कळ आहेत.

पाध्यांकडचा साठा संपलेला. मी कोट घातला आणि सरळ शेट्यांच्या दुकानात गेलो, भर सकाळी, पायऱ्या चढून. कट्ट्यावरचे सगळे उठून उभे राहिले. शेट्यांनी काही विचारलं नाही, पुडी बांधली. मी म्हटलं, "एवढीच?" तर म्हणाले, "जास्त देता येत नाही, साहेब. कमिटीनं निम्मं केलंय." त्यांच्या तोंडावर हसू असतं तर बरं झालं असतं. नव्हतं.

गोदूबाईनं गोळी केली. मी स्वतः कमळाच्या ओठाशी नेली. तिनं तोंड फिरवलं. मग मी सांगितलं. दार लावून, तिच्या उशाशी बसून, सगळं. की भिकाजीला मी बोलावलं होतं, पाकळी सैल लावायला लावली, प्रश्न मी लिहिला, देवीचा त्यात काडीचा संबंध नाही. कौल खोटा आहे, कमळा, घे.

ती मग म्हणाली, "तुम्ही तर सगळेच कौल खोटे म्हणता. आपल्या लग्नाचाही खोटाच म्हणता. मग हा एकटाच खोटा, हे मी कशावरून मानू?"

म्हटलं, "भिकाजीला आणून तुझ्यासमोर बोलायला लावतो."

"नको. त्याच्याकडून तुम्ही काहीही वदवाल. माझ्यासाठी तुम्ही कोणाकडून काहीही वदवाल, हे मला ठाऊक आहे." आणि तशा कळेतही माझ्या हातावर हात ठेवला. मला रडू आलं. आवरलं नाही.

जरा वेळानं म्हणाली, "आईला पुन्हा विचारा. तुम्ही विचारा, मनापासून. तिनं उजवा दिला तर घेईन."

७ मार्च

ओलेत्यानं देवळात गेलो. साक्षीला गोदूबाई, ती सभामंडपाच्या खांबाशी थांबली. आत भिकाजी आणि मी.

त्यानं पाकळ्या भिजवल्या. मूर्तीकडे वळला आणि मान न वळवता हळूच विचारलं, "कशी लावू, वकीलसायेब?"

मी म्हटलं, "खरी लाव."

तो म्हणाला, "आनि डावी पडली तर?"

एवढा लहान प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. घरून तिचा आवाज येत होता, आगराच्या पलीकडून. भिकाजीलाही ऐकू येत होता.

"उजवी सैल लाव," मी म्हटलं.

गाऱ्हाणं मीच घातलं. या खेपेला लिहून आणलं नव्हतं. कसलाही मसुदा नाही, नुसतं "आई, तिला गोळी घेऊ दे, तिला लय दुखतंय," आमच्या गोदूबाईसारखं. पाकळी पडणार हे मला पक्कं माहीत होतं, तरी ती पडेपर्यंत मी "आई, आई" म्हणत होतो. कोणाला म्हणत होतो कोण जाणे.

पडली. गोदूबाई धावत घरी गेली. मी पोचलो तेव्हा कमळानं गोळी घेतली होती. दुपारी झोप लागली. झोपण्यापूर्वी गोदूबाईला म्हणत होती, "बघितलंस, आई यांचंसुद्धा ऐकते."

३१ मार्च

शेट्यांच्या दुकानाला कुलूप लागलं. पाटी काढली. कलेक्टरसाहेबांनी कमिटीचे आभार मानले. मी साहेबांना जाऊन म्हणालो होतो की औषधापुरता तरी परवाना ठेवावा. तर ते मला कौलाचे शब्द वाचून दाखवायला लागले, 'गोळी करून, औषध म्हणून'. म्हणाले, फार चोख मसुदा आहे, तुमच्या वाडीचं मत यापेक्षा स्पष्ट काय असणार? कौल मी करवून घेतला होता, हे तोंडाशी आलं. पण मग दुसराही तसाच, हे कमळाच्या कानावर जायला किती वेळ? गिळून टाकलं.

संध्याकाळी वाचनालयात माझा सत्कार झाला. हार, गुलाबपाणी, भाषणं. माझं ते राखणदाराचं वाक्य एकानं पुन्हा म्हणून दाखवलं, लोक पुन्हा हसले. या गावाची विनोदबुद्धी अशी. पाध्ये आले होते. टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हार काढून ठेवायला मदत केली.

कमळा आज ओटीवर बसली होती. मी आल्यावर हार हातात घेतला, वास घेतला, म्हणाली, "छान आहे." गोदूबाई मला आत मसाल्याच्या डब्यात ठेवलेली पुडी दाखवायला घेऊन गेली. दर खेपेला निम्मा माल, म्हणून साठलं ते एवढंच. पाडव्याच्या सुमारास संपेल, म्हणते. पाध्यांकडे नाही, शेट्यांकडे नाही, आता जिल्ह्यात कुठेच नाही.

पडावातनं येतो म्हणतात.

उद्या बंदरावर जायला हवं. सगळ्यांदेखत त्या तांडेलापुढे उभं राहून 'जमालभाई' म्हणायला हवं. मघापासून माजघरात म्हणून बघतो आहे. अजून नीट जमत नाही.